अपघातानंतर ट्रकवर परत नोकरी: अर्ज भरण्याआधी स्वतःची नोंद वाचा

नमस्कार मंडळी.

अपघात झाला. जीव वाचला, पण नोकरी गेली. आता नव्या कंपनीचा अर्ज समोर आहे आणि त्यात एक रकाना आहे: गेल्या तीन वर्षांत अपघात झाला आहे का? आजचा व्हिडिओ या एका रकान्याबद्दल आहे.

माझं म्हणणं आधीच सांगते. तिथे खरं लिहा. पण लिहिण्याआधी, तुमच्याबद्दल बाकीच्यांनी काय लिहून ठेवलंय ते वाचून घ्या. बरेच ड्रायव्हर उलट करतात. दिसेल तिथे अर्ज टाकत सुटतात आणि नकारामागून नकार आले की मग विचारतात, माझ्या नावावर नक्की काय लागलंय?

नियम प्रत्येक देशात वेगळे असतात. मी अमेरिकेतले नियम धरून बोलणार आहे, कारण तिथे ट्रक ड्रायव्हरच्या नोंदीचं बरंचसं लेखी ठरलेलं आहे आणि आपली बरीच मंडळी तिथे गाडी चालवतात. तुम्ही दुसरीकडे असाल तरी मुद्दा तोच आहे, फक्त कागदांची नावं बदलतील.

[स्क्रीनवर: पीएसपी, डॅक, जुन्या मालकाचं उत्तर]

पहिला कागद पीएसपी रिपोर्ट. हा सरकारी नोंदीतून निघतो. यात मागच्या 5 वर्षांतले अपघात आणि 3 वर्षांतल्या रस्त्यावरच्या तपासण्या दिसतात. एक गोष्ट नीट लक्षात घ्या: चूक कोणाची होती हे बघून अपघात यात येत नाही. तुम्ही सिग्नलला उभे होतात आणि मागून कोणी येऊन धडकलं, तरी तो यात असू शकतो. मात्र प्रत्येक घासाघीस यात नसते. कायद्याच्या भाषेत अपघात म्हणजे कोणाचा तरी मृत्यू झाला, कोणाला तरी जखमी झाल्यामुळे लगेच दवाखान्यात न्यावं लागलं, किंवा गाडी टो करून हलवावी लागली. यार्डात आरसा तुटला तर तो या व्याख्येत बसत नाही. पण म्हणून अर्जात ते सोडून द्यायचं का? आधी प्रश्न वाचा. काही कंपन्या सरळ विचारतात, लहानमोठं काहीही झालं असेल तर लिहा. मग आरसाही लिहायचा.

दुसरा डॅक रिपोर्ट. हा खाजगी कंपनीकडे असतो आणि त्यात जुन्या मालकाने तुमच्याबद्दल दिलेली माहिती असते. का सोडलं, परत घेणार का, अपघात कसा. तो 12 महिन्यांतून एकदा फुकट मागवता येतो. चुकीचं असेल तर हरकत घ्या, साधारण 30 दिवसांत त्यांना तपासून उत्तर द्यावं लागतं.

तिसरा म्हणजे जुन्या मालकाचं उत्तर, आणि ड्रायव्हर सगळ्यात जास्त दुर्लक्ष याच्याकडे करतात. नव्या कंपनीला तुमच्या मागच्या 3 वर्षांतल्या मालकांकडे चौकशी करावीच लागते. ते काय म्हणाले हे बघायचा हक्क तुम्हाला आहे. चुकीचं असेल तर दुरुस्ती मागायचा हक्क आहे, आणि त्यांनी दुरुस्त केलं नाही तर तुमची बाजू लेखी जोडून घ्यायचाही हक्क आहे. हा हक्क वापरा. जुन्या मालकाशी भांडण करायला नको. तारीख, ठिकाण, पोलिसांच्या रिपोर्टचा नंबर आणि चार साधी वाक्यं, एवढं पुरतं.

आता ज्या शब्दावर गाडं अडतं, तो: प्रिव्हेंटेबल. म्हणजे टाळता आला असता असा अपघात. ड्रायव्हर म्हणतो, पोलिसांनी चलान समोरच्याला दिलं, मग माझ्यावर ठपका कसा? ठपका येऊ शकतो. पोलीस कायदा कोणी मोडला ते बघतात. कंपनी बघते की सराईत ड्रायव्हरला हे आधी दिसायला हवं होतं का, अंतर पुरेसं होतं का, वेग कमी करता आला असता का. दोन्ही प्रश्न वेगळे आहेत, म्हणून उत्तरंही वेगळी येतात. रिव्हर्समधला अपघात तर कंपन्या जवळजवळ नेहमी प्रिव्हेंटेबल धरतात, कारण गाडी थांबवून, खाली उतरून मागे बघणं तुमच्या हातात असतं.

तुमची चूक खरंच नसेल तर ते सरकारदरबारी नोंदवून घेता येतं. 2020 पासून तिथे यासाठी एक कार्यक्रम चालतो. ठरावीक प्रकारांतला अपघात असेल तर डेटाक्यूज या पोर्टलवर पोलिसांचा रिपोर्ट जोडून अर्ज करायचा. डिसेंबर 2024 पासून, व्हिडिओत सगळा घटनाक्रम दिसत असेल तर इतर प्रकारचे अपघातही घेतात. अपघात नोंदीतून पुसला जात नाही, पण तो टाळता येण्यासारखा नव्हता असा शेरा पीएसपीवर येतो. म्हणून डॅशकॅमचं फुटेज आधी वाचवा. कॅमेरा जुन्यावर नवं रेकॉर्ड करत जातो, आठवड्याभराने मागायला गेलात तर हाती काही लागणार नाही.

अपघातानंतरच्या नशा चाचणीचा प्रश्न वेगळा आहे. चाचणी नाकारली असेल तर ती नापास धरली जाते आणि 2020 पासून क्लिअरिंगहाऊसमध्ये, म्हणजे ड्रायव्हरांच्या नशा चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, दिसते. तिथे आधी ठरलेली परत येण्याची प्रक्रिया पूर्ण करा. त्याआधी कुठलीही कंपनी तुम्हाला स्टेअरिंगवर बसवू शकत नाही.

मग मुलाखत. तुम्हाला कामावर घ्यायचं की नाही हे अनेकदा समोरच्या माणसाच्या हातात नसतं, विमा कंपनीच्या हातात असतं. म्हणून अर्जाआधीच फोन करा आणि थेट विचारा: "माझा अमुक महिन्यात एक प्रिव्हेंटेबल अपघात आहे, गाडी टो झाली होती, कोणाला लागलं नाही. तुमचा विमा मला घेईल का?" नाही म्हणाले तर पुढे विचारा, "किती महिन्यांनी फोन करू?" हे उत्तर लिहून ठेवा. मोठ्या कंपन्यांचे निकष पक्के असतात. छोटा मालक माणूस बघतो, पण त्यालाही विमा असतोच. मधल्या काळात यार्डात ट्रेलर हलवायचं काम, डंपर, हंगामातली धान्याची वाहतूक असं काही मिळालं तर घ्या. रिकामे बारा महिने कागदावर जास्त खटकतात.

समोर बसलात की अपघाताबद्दल थोडक्यात बोला. असं काहीसं: "रस्ता ओला होता, ट्रेलर रिकामा होता. रिकाम्या ट्रेलरची पकड कमी असते हे माहीत असून मी अंतर कमी ठेवलं. पुढची गाडी थांबली, माझी घसरली. आता रिकामा असलो की मी वेग आणखी कमी ठेवतो, अंतर वाढवतो." एवढंच. पुढच्या गाडीवाल्याला शिव्या नाहीत, हवामानावर ढकलणं नाही. मुलाखत घेणाऱ्याला तुम्ही तुमच्या हातातल्या गोष्टीबद्दल बोलताय की नाही, ते ऐकायचं असतं.

आणि ज्याबद्दल ड्रायव्हर एकमेकांतही बोलत नाहीत ते. अपघातानंतर झोप लागत नसेल, ब्रेकलाइट दिसला की छातीत धडधडत असेल, तोच क्षण पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येत असेल, तर डॉक्टरला सांगा. हा भित्रेपणा नाही, मोठ्या धक्क्यानंतर शरीर असंच वागतं, आणि त्यावर उपचार आहेत. पैशांची निकड मला कळते, तरीही सांगते, अशा अवस्थेत लांबचा पल्ला धरू नका. नवी नोकरी मिळाली की पहिले काही दिवस अनुभवी ड्रायव्हरबरोबर गाडी द्या, असं स्वतःहून मागा. नाही म्हणाले तर निदान पहिल्या फेऱ्या दिवसाच्या आणि ओळखीच्या रस्त्याच्या मागून घ्या.