तळ्याच्या गाळात काय चाललंय?

नमस्कार श्रोतेहो. आज तळ्याच्या गाळाबद्दल बोलायचंय.

गोष्ट नोव्हेंबर 1776 ची. इटलीतल्या माज्जोरे सरोवरात, आंजेरा गावाजवळ, आलेस्सांद्रो व्होल्टा नावेतून चालला होता. पुढे 1800 साली विजेची बॅटरी जगापुढे मांडली, तोच हा व्होल्टा. काठाच्या लव्हाळ्यात त्यानं काठी खुपसून गाळ ढवळला. बुडबुडे भराभर वर आले. आता बुडबुडे कोणी पाहिले नव्हते? पण यानं पाण्यानं भरलेली बाटली त्यांच्यावर उपडी धरली. बुडबुडे आत शिरत गेले, पाणी खाली उतरत गेलं, बाटलीत नुसती हवा उरली. तिला ज्योत दाखवली, तर ती हवाच पेटली! संथ, निळसर ज्योत. 'दलदलीतली ज्वलनशील हवा' म्हणून त्यानं ती पत्रांतून जगाला कळवली. आज आपण तिला मिथेन म्हणतो. मला तर मनापासून वाटतं, सहलीत मुलांना तळं नुसतं लांबून दाखवू नये, हातात काठी द्यावी.

हा मिथेन करतात गाळातले सूक्ष्मजीव. मेलेलं शेवाळ तळाशी बसतं, जिवाणू ते कुजवतात आणि त्यात प्राणवायू संपतो. गाळात तो बहुधा वरच्या काही मिलिमीटरांतच असतो. त्याखालचे जिवाणू प्राणवायूऐवजी नायट्रेट, लोह, सल्फेट यांवर भागवतात. सडक्या अंड्यांचा वास येतो तो सल्फेटमुळे. मिथेनची पाळी सगळ्यांत शेवटी, हे सगळं संपल्यावर.

आता मुख्य मुद्दा. प्राणवायू असेतो गाळातलं लोह फॉस्फरसला, म्हणजे शेवाळाच्या खताला, धरून ठेवतं. प्राणवायू संपला की पकड सुटते, फॉस्फरस वर पाण्यात येतो आणि शेवाळ पुन्हा माजतं. पुन्हा सांगतो, तळाचा प्राणवायू संपला की गाळ फॉस्फरस सोडतो. म्हणून सांडपाणी बंद केल्यावरही तळं वर्षानुवर्षं हिरवंच राहू शकतं. आणि सुशोभीकरण म्हणून कारंजी बसवतात, त्याचा मला फार राग येतो. खोल तळ्यात कारंजं वरचंच पाणी घुसळतं, तळाला त्याचा पत्ताही नसतो.

तुमच्यापैकी कोणी पाणी तपासत असेल, तर एक बाटली वरून भरा, एक तळालगतच्या पाण्याची. दोन्हींत विरघळलेला प्राणवायू मोजा. वरचा आकडा चांगला आणि तळाचा शून्याजवळ आला, तर फॉस्फरसही तळालगतच मोजायला हवा.