सेल्फ दाबला की नुसतं 'टक्'

सकाळचे साडेसात, चिपळूण, रात्रभर पाऊस ओततोय. ही मामांची दीडशे सीसीची गाडी. चावी फिरवली की लाईट येतात, हॉर्न वाजतो, पण सेल्फ दाबला की नुसतं 'टक्', सगळे लाईट मंद होतात आणि पुढे काहीच नाही. गाडीला किक पण नाहीये. मामा म्हणतात बॅटरीच गेली रे, नवीन टाकून टाक.

थांबा जरा. मागच्या पावसाळ्यात माझ्या गाडीला मी अगदी हेच केलं होतं, नवीन बॅटरी टाकली, आठवडाभर बरी चालली आणि मग परत 'टक्'. पैसे गेले ते गेलेच. म्हणून आज आधी व्होल्ट मोजायचा मीटर लावायचा.

किल स्विच, साइड स्टँड, क्लचचा स्विच हे सगळं बघून झालं. आता आवाज ऐका. एकदम शांत असेल तर फ्यूज किंवा स्विच बघायचा, सेल्फ नीट फिरतोय पण गाडी चालू होत नाही तर प्लगला करंट येतोय का ते बघायचं. आपल्याकडे 'टक्' येतंय, म्हणजे रिलेपर्यंत (सेल्फच्या मोटरला बॅटरी जोडणारा स्विच) करंट पोचतोय, जोर कुठेतरी मध्ये अडकतोय.

बॅटरी मीटरवर १२.६ व्होल्ट दाखवते, म्हणजे फुल. आता सेल्फ दाबून ठेवला तरी १२ च्या खाली येत नाहीये. बॅटरी खरंच मेली असती तर इथे धाडकन नऊ-दहाच्या पण खाली गेली असती. मग बॅटरी एवढी ठाम उभी असताना लाईट मंद का होतात? खरी गोम इथेच आहे.

मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसला, लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूला, आणि आता सेल्फ. इथे अर्ध्या व्होल्टच्या आतच आकडा यायला पाहिजे, आपल्याकडे चारच्या वर येतोय! म्हणजे बॅटरीचा एक तृतीयांश जोर अर्थिंगच्या वायरमध्येच (करंट बॅटरीच्या मायनसला परत नेणारी) जिरतोय, सेल्फला उरतंय काय?

ती वायर जिथे आवळलीय तो फ्रेमवरचा हा बोल्ट बघा. आधी बॅटरीचा मायनस काढायचा, मगच पाना लावायचा. वायरच्या टोकाखाली हिरवा-पांढरा थर बसलाय. २२ जुलै २०२१ च्या महापुरात ही गाडी टाकीपर्यंत पाण्यात होती, नंतर ऑइल बदललं, प्लग बदलला, सगळी धुतली, पण हा बोल्ट कुणी उघडलाच नाही आणि आतल्या आत गंज वाढत राहिला. पुरात गेलेल्या गाडीचं मला याचंच वाईट वाटतं, बाहेरून ती बरी झालेली दिसते.

पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासलं, बोल्ट कचकचीत आवळला, वरून थोडं व्हॅसलीन लावलं. आता मायनस परत जोडून सेल्फ दाबूया.

...चालू!

रेस थोडी वाढवून बॅटरीवर बघितलं तर १४.१. साडेतेरा ते साडेचौदा म्हणजे चार्जिंग बरोबर आहे, पंधराच्या वर गेलं असतं तर चार्जिंगचा व्होल्टेज ताब्यात ठेवणारा रेग्युलेटर बघावा लागला असता.

मामा चहा आणायला गेलेत. तेच पुराचं पाणी वायरिंगच्या कपलरमध्ये (वायरी जोडायचे प्लॅस्टिकचे जोड) पण गेलं असणार, सीटखालचे दोन तर समोरच दिसतायत, तोवर ते उघडून बघतो.