शेडमधल्या दोन गाड्या

(शेडचे दार सरकते. उन्हाचा पट्टा आत शिरतो. दोन मोटारसायकली दिसतात.)

डावीकडे आहे होंडा सीबी ७५०. ही गाडी १९६९ साली आली. ओळीने बसवलेले चार सिलिंडर, पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक, बटनावर चालू होणारे इंजिन, आणि हे सगळे कारखान्यातून हजारोंनी बाहेर पडणाऱ्या गाडीत. जुन्या गाड्यांचे वेड नव्याने लागलेला माणूस आजही आधी हिच्याकडेच वळतो. हा तरुणही वळला. टाकीवरून त्याचा हात कसा फिरतोय, पाहा.

उजवीकडे जावा २५०. मॉडेल ३५३. एक सिलिंडर, टू-स्ट्रोक, म्हणजे पिस्टन एकदा वर आणि एकदा खाली गेला की एक स्फोट पूर्ण. रंग उडालेला, सीट उसवलेली, किक जागची हलत नाही.

या तरुणाने आजवर एकही इंजिन उघडलेले नाही. पहिल्यांदाच जुनी गाडी उभी करायची, तर यातली कोणती घ्यायची? आमचे उत्तर आत्ताच सांगून टाकतो. उजवीकडची. ती का, हे दाखवायला ही फिल्म केली आहे.

(चार क्रेट. झाकणे एकेक करून निघतात.)

सीबी ७५० चा सांगाडा उभा दिसतोय, पण निम्मे इंजिन या क्रेटमध्ये आहे. कुणीतरी हौसेने खोलले आणि तसेच ठेवून दिले. विकणाऱ्यांचे वाक्य ठरलेले असते, "सामान सगळं आहे, नुसतं जोडायचंय." हे ऐकले की पाकीट खिशातच राहू द्या. कोणता बोल्ट कुठला, कोणत्या वायसरची कुठली बाजू वर, हे खोलणाऱ्यालाच ठाऊक असते, आणि काही महिन्यांनी तोही विसरतो. या इंजिनाला पेट्रोल आणि हवा मिसळणारे कार्बोरेटर चार लागतात. क्रेटमधून निघाले तीन. टेबलावर मांडलेत, मोजून घ्या.

सगळे सामान असते तरी पहिल्या कामाला ही गाडी जड गेली असती. हिचे इंजिन चेसीतून उतरवल्याशिवाय हेड, म्हणजे सिलिंडरवरचे झाकण, काढता येत नाही, आणि ते एकट्याने उचलायचे वजन नाही. गाडी अप्रतिम आहे, यात शंका नाही. तिच्याकडे दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेळी यावे.

(कॅमेरा जावाभोवती सावकाश फिरतो.)

आता इथे नीट बघा. रंगाकडे नको, सामानाकडे बघा. हेडलाइटचे घर आहे, त्यात स्पीडोमीटर आहे. काटा अडकलाय, पण काच शाबूत. टाकीच्या दोन्ही बाजूंचे गुडघ्याचे रबर आहेत. कार्बोरेटर झाकणारे कव्हर आहे. दोन्ही सायलेन्सर आहेत. सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन, ही या गाडीची खूण. मागची चेन पूर्ण झाकणारी पेटी आहे, वरचा आणि खालचा असे दोन्ही भाग. ती उघडताच आत काय दिसते पाहा. इतकी वर्षे गाडी उभी, बाहेर सगळीकडे गंज, आणि चेनवर अजून ग्रीसचा काळा थर.

पहिली गाडी निवडताना आम्ही याच गोष्टीला सगळ्यात जास्त महत्त्व देतो. गाडी पूर्ण हवी. चालू नसली तरी चालेल. कुजलेले मडगार्ड बदलता येते, कारण नवीन बनवायला नमुना हातात असतो. जे मडगार्ड नाहीच, ते कोणत्या आकाराचे, त्याला भोके कुठे, पट्टी कुठे बसते, हे आधी शोधत बसावे लागते. पिस्टन मिळतो, रिंगा मिळतात. टूलबॉक्सचे झाकण आणि त्याचा स्क्रू मिळता मिळत नाही.

(जुनी छायाचित्रे, एकामागून एक.)

जावा हे नाव दोन नावांच्या पहिल्या अक्षरांचे आहे. शस्त्रांच्या कारखान्याचे मालक फ्रांतिशेक यानेचेक यांनी प्रागमध्ये १९२९ साली वांडरर या जर्मन कंपनीकडून ५०० सीसी गाडी बनवण्याचा परवाना घेतला. यानेचेकचा ‘जा’, वांडररचा ‘वा’. पुढे युद्ध आले, देश जर्मनांच्या ताब्यात गेला, मोटारसायकली बनवणे बंद झाले. त्या काळात कारखान्यातल्या लोकांनी एका नव्या २५० सीसी गाडीचे काम लपूनछपून चालू ठेवले. युद्ध संपले आणि १९४६ साली ती पॅरिसच्या प्रदर्शनात उभी राहिली. तिचे नाव पेराक. समोरची ३५३ हा तिचाच पुढचा अवतार, १९५४ पासूनचा, मागे स्विंगआर्म, म्हणजे मागचे चाक वर-खाली झुलू देणारी फ्रेम, असलेला. १९६० च्या दशकात ही गाडी म्हैसूरमध्येही बनू लागली आणि तिची मूळ रचना तिथे पुढे कितीतरी वर्षे चालत राहिली. सुट्या भागांचे कोडे या इतिहासामुळेच सोपे होते. जी गाडी खूप काळ आणि खूप संख्येने बनली, तिचे सामान आजही कुणीतरी बनवत असते.

या कसोटीला उतरणाऱ्या गाड्या आणखीही आहेत. रॉयल एनफिल्ड बुलेट, ३४६ सीसी. इंजिन वेगळे, गिअरबॉक्स वेगळा, एकेक काम हातावेगळे करता येते. बीएसए बँटम, १९४८ ची. हिचे मूळ डीकेडब्ल्यू आरटी १२५ या जर्मन गाडीत. युद्धानंतर तोच आराखडा विजेत्या देशांनी नेला, आणि अमेरिकेच्या हार्ले-डेव्हिडसनची १२५ सीसी गाडीही त्यावरूनच झाली. यामाहाची १९५५ मधली पहिली मोटारसायकल, वायए-१, याच घरातली.

ब्रिटिश गाडी घेणार असाल तर नट फिरवायचे पाने आधी तपासा. १९५९ च्या ट्रायम्फ बॉनव्हिलला मिलिमीटरचे पाने बसत नाहीत. तिला जुन्या ब्रिटिश मापाचे, व्हिटवर्थ पाने लागतात. व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा नटाच्या रुंदीचा नसतो, बोल्टच्या जाडीचा असतो. बळेच दुसरा पाना लावला की नटाचे कोपरे गोल होतात. तसा नट पडद्यावर दिसतोय.

(जावाचे इंजिन. प्लग निघतो.)

आता किक. या गाडीत गिअरचा दांडा आणि किकचा दांडा एकच. आत दाबून वर उभा केला की किक. उभा झाला, पण खाली जात नाही. इंजिन जाम आहे.

अशा वेळी दांड्यावर उभे राहून उड्या मारणारे पुष्कळ भेटतात. कृपा करून तसे करू नका. टू-स्ट्रोकच्या सिलिंडरला आतून खिडक्या असतात, वायू आत-बाहेर जाण्यासाठी. गंजाने चिकटलेली रिंग झटक्यासरशी त्या खिडकीच्या कडेला अडकली तर तुटते आणि सिलिंडर ओरबाडून काढते.

प्लगच्या भोकातून तेल सोडायचे. इथे गिअरबॉक्सचे पातळ तेल आणि अ‍ॅसिटोन निम्मे निम्मे घेतलेय. आसपास ठिणगी नको. रोज थोडे ओतायचे आणि थांबायचे. पहिला दिवस. तिसरा. पाचवा. काहीही होत नाही.

नववा दिवस. गाडी वरच्या गिअरमध्ये टाकलीय. प्लगच्या भोकात एक बारीक लाकडी काडी उभी आहे, तिचे टोक पिस्टनवर टेकलेले. मागचे चाक दोन्ही हातांनी धरून हळूच पुढे, हळूच मागे. जोर नाही, नुसते डुलवायचे. काडीच्या टोकाकडे लक्ष ठेवा.

(शांतता. काडी तांदळाच्या दाण्याएवढी वर येते.)

हेड उतरवल्यावर पिस्टन इतकी वर्षे कुठे थांबला होता ते कळते. सिलिंडरच्या भिंतीवर गंजाचे कडे उमटलेय. त्यावरून नख फिरवायचे. नख न अडकता सरकले तर नुसते होनिंग, म्हणजे भिंत बारीक घासणे, पुरेल; अडकले तर बोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून कापून रुंद करून, घ्यावे लागेल. इथे अडकतेय. मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली रुंदी, ६५ मिलिमीटर. लेथवाला तो जरासा वाढवतो आणि त्या मापाचा ओव्हरसाइझ पिस्टन बसतो. क्रँकचे, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या दांड्याचे, ऑइल सील वयाने कडक होतात, ते न बघताच बदलावेत. पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड हाताने धरून वर-खाली हलवून पाहावा. तो खडखडला तर क्रँक प्रेसवर खोलावा लागतो, ते काम घरी होत नाही.

बेअरिंगची चिंता करू नका. कडेवरचा नंबर वाचा. ६२०४ असेल तर आतून २०, बाहेरून ४७, रुंदी १४ मिलिमीटर, कंपनी कोणतीही असो.

(टाकीच्या तोंडातून बुडबुडे येतात.)

टाकीत पाणी आणि धुण्याचा सोडा आहे. मधोमध लोखंडी सळई सोडलीय, टाकीला कुठेही न टेकणारी. बॅटरी चार्जरची धन वायर सळईला, ऋण वायर टाकीला. गंज सुटतो, सळई झिजते. स्टेनलेस स्टीलची सळई कधीही वापरू नका, विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. बुडबुडे हायड्रोजनचे आहेत, म्हणून हे काम उघड्यावर, विस्तवापासून लांब, आणि वायरी काढण्याआधी चार्जर बंद.

बाहेरचा रंग मात्र तसाच ठेवलाय. त्याच्याखाली मूळचा मरून अजून आहे. तो एकदा खरवडला की परत मिळत नाही. मागून चेसी कापून शर्यतीच्या थाटाची ‘कॅफे रेसर’ केलेली गाडीही याच कारणासाठी पहिल्या कामाला घेऊ नये.

(चेसीवरचा नंबर, जवळून.)

पैसे देण्याआधी चेसी आणि इंजिनाचा नंबर कागदांशी ताडून पाहा, आणि नंबराभोवती ग्राइंडरच्या खुणा दिसल्या तर तिथूनच परत फिरा.

वेळ ठरवला होता त्याच्या दुप्पट लागला, खर्चही वाढला. होंडा अजून त्याच शेडमध्ये आहे.

(पहाट. अंगण. तरुण दांडा आत दाबून उभा करतो. एक किक. दुसरी. तिसरी.)

(निवेदन नाही. चौथ्या किकचा आवाज पूर्ण येऊ द्यावा. धूर मावळेपर्यंत दृश्य कापू नये.)