झोन पाच, नॉर्मल

[लालबाग. सकाळची वेळ. सोसायटीच्या गेटाशेजारची वॉचमनची केबिन. भिंतीवर लाल पत्र्याची पेटी.]

हे आमच्या इमारतीचं फायर पॅनेल. खाली वॉचमनमामांचा चहाचा थर्मास, वर गणपतीचं कॅलेंडर, बाजूला खडूने लिहिलेला टँकरवाल्याचा नंबर. पॅनेलवर आठ झोन. सात मजल्यांचे सात, आठवा मीटर रूम आणि लिफ्टच्या मशीन रूमचा. प्रत्येक झोनला दोन दिवे. लाल लागला तर आग, पिवळा लागला तर फॉल्ट. दोन्ही विझलेले आणि वरचा हिरवा लागलेला, म्हणजे नॉर्मल.

आमचं सगळं नॉर्मलच होतं. कित्येक वर्षं.

मी या सोसायटीची सेक्रेटरी. गळती कुणाच्याही घरात होवो, फोन जिला येतो ती. विजेचं माझं ज्ञान एमसीबी खाली पडला की वर करणं, इतपत. राज्यात २००६चा आग प्रतिबंधक कायदा आहे. त्यानुसार इमारतीतली यंत्रणा चालू आहे असं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. त्याला म्हणतात फॉर्म बी. आमचे फॉर्म बी वेळच्या वेळी गेलेले, फाइलला नीट लावलेले. या जुलैत एजन्सी बदलली. नव्या एजन्सीकडून एक काका आले, सोबत नुकताच आयटीआय केलेला पोरगा. काका त्याला शिकवत होते आणि मी कॅमेरा धरून मागे उभी. फीशिवाय शिकवणी.

[काकांचे हात. पेटीचं दार उघडतं. आत वायरींच्या जोड्या.]

काकांनी आधी पोराला विचारलं, "दाराची बेल कशी चालते?"

पोरगा म्हणाला, "बटण दाबलं की सर्किट पुरं होतं. बेल वाजते."

"आणि वायर तुटली तर?"

"वाजत नाही."

"कळतं कधी?"

पोरगा गप्प. मीही गप्प, कारण आमच्या बेलची वायर तुटल्याचं आम्हाला कळलं होतं ते नणंदेकडून. दहा मिनिटं दाराबाहेर उभी होती बिचारी.

बेलचं हे खपून जातं. पाहुणा दार ठोठावतो. आगीच्या सर्किटला ती सोय नाही. गरज पडेल त्याच दिवशी तुटलेलं आढळलं, तर उपयोग काय? म्हणून इथली रचना वेगळी. बेलच्या वायरीतून बटण दाबेपर्यंत काहीच वाहत नाही. फायर अलार्मच्या वायरीतून मात्र रात्रंदिवस, काही घडत नसतानाही, बारीकसा करंट फिरत असतो. पॅनेल त्या करंटवर कान ठेवून बसलेलं असतं.

तो फिरतो कसा, तेही बघू. पॅनेलमधून झोनच्या दोन वायरी निघतात. पहिल्या डिटेक्टरच्या, म्हणजे छताला लावलेल्या धूर ओळखणाऱ्या डबीच्या, बेसमध्ये शिरतात, तिथून निघून दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. शेवटच्या डिटेक्टरपाशी वायर संपते आणि तिथे, दोन वायरींच्या मधे, एक रेझिस्टर, म्हणजे करंटला ठरावीक अडथळा करणारा छोटा भाग, जोडलेला असतो. एंड ऑफ लाइन. कामावरची माणसं नुसतं ईओएल म्हणतात.

[तळहातावर रेझिस्टर. कॅमेरा जवळ जातो.]

आकार तांदळाच्या दाण्याहून जरासा मोठा. अंगावर रंगांचे पट्टे. पिवळा म्हणजे ४, जांभळा म्हणजे ७, लाल म्हणजे पुढे दोन शून्यं. ४७०० ओहम. कडेचा सोनेरी पट्टा सांगतो की किंमत पाच टक्के इकडेतिकडे असू शकते. लॅमिंग्टन रोडला, मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, मागायला गेलात तर दुकानदार एकटादुकटा देत नाही, कागदी पट्टीत ओवलेली माळच हातात ठेवतो. ईओएल किती ओहमचा, हे पॅनेलच्या कंपनीनुसार बदलतं. आमच्या पॅनेलला ४७०० लागतो.

आता शाळेतला ओहमचा नियम. पॅनेल २४ व्होल्टचं. २४ भागिले ४७००, म्हणजे जेमतेम पाच मिलिअँपिअर. एवढा करंट वाहतोय तोवर पॅनेल स्वस्थ. वायर कुठेही तुटली की करंट शून्य, पिवळा दिवा, बझर. आणि डिटेक्टरला धूर लागला, किंवा जिन्याजवळच्या लाल डबीची काच कुणी दाबली, की त्या ठिकाणी दोन वायरींच्या मधे काही शे ओहमची जवळची वाट उघडते. करंट पाचावरून कित्येक पटींनी चढतो. लाल दिवा, हूटरचा भोंगा. दोन वायरी एकमेकींना थेट चिकटल्या, तर बरीच पॅनेलं त्याला शॉर्ट म्हणून फॉल्ट दाखवतात. काही जुनी पॅनेलं मात्र त्यालाच आग समजतात.

बस. एक करंट आणि त्याच्या तीन अवस्था. कमी, ठरलेला, जास्त. लोकलच्या रुळांतही हीच युक्ती असते. रुळांतून सिग्नलसाठी बारीक करंट सोडलेला असतो. तो तुटला की सिग्नल लाल पडतो आणि आपण गाडीत एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकून रेल्वेला नावं ठेवतो.

काकांनी पोराला एक ताकीद दिली. "मधूनच टी मारायची नाही." म्हणजे वायर कमी पडते म्हणून मधल्या डिटेक्टरवरून वेगळी फांदी काढायची नाही. करंट ईओएलपर्यंत जातो आणि परततो. फांदी त्या वाटेवर नसतेच. ती तुटली तरी पॅनेलला पत्ता लागत नाही. काम मात्र झाल्यासारखं दिसतं.

मग काका म्हणाले, "आता पाच नंबरच्या वायरी काढ."

पोराने झोन पाचच्या दोन्ही वायरी स्क्रू सैल करून बाहेर ओढल्या. आम्ही तिघंही पिवळ्या दिव्याकडे बघत होतो.

पिवळा लागला नाही. झोन पाच, नॉर्मल.

पोराला वाटलं, चुकीच्या वायरी काढल्या. त्याने नंबर पुन्हा वाचला. बरोबर होता. काकांनी मोबाइलचा टॉर्च पेटवला, वायरींचा गुंता बोटाने बाजूला केला आणि "बघा ताई" एवढंच म्हणाले.

स्क्रूखाली, काळ्या स्लीव्हमध्ये, पिवळा, जांभळा, लाल.

पाचव्या मजल्याच्या टोकाला हवा होता तो रेझिस्टर इथे, पॅनेलमध्येच बसवलेला. करंट पेटीतून निघत होता आणि बोटभर अंतर जाऊन पेटीतच परत येत होता. वर मजल्यावर वायर आहे की नाही, याच्याशी पॅनेलचा काही संबंधच उरला नव्हता. पिवळा दिवा लागतोय, बझर थांबत नाही, वर शिडी लावून दोष शोधायचा कंटाळा आलाय. अशा वेळी कुणीतरी हा उपाय केलेला. कुणी, ते कळायला मार्ग नाही. फाइलमधल्या सगळ्या कागदांवर सह्या आहेत.

[पाचवा मजला. लांब पॅसेज. छताला पीओपी, त्यात गोल दिवे, मधून मधून पांढरे डिटेक्टर.]

पोराने सुटलेल्या दोन वायरींना मल्टिमीटर लावला, वाट जोडलेली असेल तर वाजणारा. पडद्यावर "ओएल". म्हणजे वाट खुली, कुठेतरी तुटलेली. पाचव्यावर नऊ डिटेक्टर. पोरगा पहिल्यापासून एकेक उघडत निघाला, तर काका म्हणाले, "अर्ध्यावर जा."

मीटर माझ्या हातात, मी खाली केबिनमध्ये. वर पाचव्या डिटेक्टरच्या बेसमध्ये त्यांनी पुढच्या वायरी सोडवल्या आणि आलेल्या दोन वायरींची टोकं एकमेकांना टेकवली. माझ्या हातात मीटर वाजला. म्हणजे पहिला अर्धा ठीक. मग सातवा. काही नाही. मग सहावा. वाजला. तीन फोनमध्ये जागा सापडली, सहाव्या आणि सातव्या डिटेक्टरच्या मधे.

तिथे पीओपीचं छत आहे. दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या आधी पॅसेज "जरा बरा दिसावा" म्हणून केलेलं. खर्चाच्या ठरावावर माझी सही आहे. दिव्यासाठी पाडलेल्या भोकातून काकांनी हात घातला आणि वायरीचं टोक बाहेर काढलं. पक्कडने कापलेलं, वर निगुतीने काळी टेप गुंडाळलेली. ज्याने कापली त्याला ती कशाची वायर, हे माहीत नसावं. पण टेप लावायला तो विसरला नव्हता.

शेवटचा, नववा डिटेक्टर इलेक्ट्रिक डक्टच्या दारावर. त्याच्या बेसमध्ये ईओएलची जागा रिकामी. दोन स्क्रू, त्यांवर हलकासा गंज. लालबागच्या हवेत पाच पावसाळे काढले की पितळही हिरवं पडतं.

[डिटेक्टर उघडलेला. आतलं काळं प्लास्टिक.]

वायर जोडेपर्यंत पोराने एक डिटेक्टर खोलून मला दाखवला. आत काळ्या प्लास्टिकच्या वेड्यावाकड्या पाकळ्या. हवा शिरेल, पण बाहेरचा उजेड शिरणार नाही अशा. आतल्या अंधारात एका बाजूला इन्फ्रारेड एलईडी, दुसऱ्या बाजूला प्रकाश टिपणारा फोटोडायोड. गंमत अशी, की ते समोरासमोर नाहीत. तिरके आहेत. हवा स्वच्छ असेल तर एलईडीचा प्रकाश फोटोडायोडला दिसतच नाही.

जुन्या सिंगल स्क्रीन थिएटरात बाल्कनीखाली बसून वर बघितलं असेल, तर प्रोजेक्टरचा झोत आठवेल. तो दिसायचा कारण त्यात धूळ असायची, कुणाच्या तरी विडीचा धूर असायचा. इथेही तेच. धुराचे कण आत आले की प्रकाश त्यांच्यावर आपटून विखुरतो, थोडा फोटोडायोडवर पडतो आणि वर्दी जाते.

या डिटेक्टरला मात्र धूर कसला ते कळत नाही. उदबत्ती, रंगकामाची धूळ, सगळं सारखंच. तिसऱ्या मजल्यावरचा एक डिटेक्टर अवेळी बोंबलतो म्हणून आम्ही त्याला प्लास्टिकची टोपी घातली होती. तो उघडला तर आत कोळी, जाळ्यासकट. आगीची म्हणून आम्ही जी वर्दी दोनदा ऐकली, ती त्याची होती. स्वयंपाकघरात म्हणूनच धुराचा डिटेक्टर लावत नाहीत, उष्णतेचा लावतात. फोडणीला तो बधत नाही.

आणि एकदा पेटलेला डिटेक्टर धूर गेला तरी विझत नाही. पॅनेलवरून रिसेट करावा लागतो. रिसेट म्हणजे झोनचा सप्लाय काही क्षण तोडणं. हे मुद्दाम केलेलं आहे. माणूस सात मजले चढून येईपर्यंत नेमका कोणता डिटेक्टर पेटला, ते त्याच्या लाल दिव्यावरून ओळखता यायला हवं.

[जिन्यातला हूटर.]

मला सगळ्यात आवडलं ते हूटरचं सर्किट. हूटरची वायर शाबूत आहे की नाही, हेही पॅनेलला सतत तपासायचं असतं. पण तपासायला करंट सोडला तर हूटर वाजेल. मग? पॅनेल उलटा सोडतं. रोजच्या वेळी प्लसच्या जागी मायनस, मायनसच्या जागी प्लस. हूटरमध्ये एक डायोड असतो, एकाच दिशेने वाट देणारा. उलट्या करंटला तो दार लावतो, त्यामुळे हूटर गप्प. टोकाच्या रेझिस्टरला मात्र उलटसुलट सारखंच, तिथून करंट फिरत राहतो आणि पॅनेलला वायर शाबूत असल्याचं कळतं. आगीची वर्दी आली की पॅनेल प्लस-मायनस पुन्हा पालटतं, डायोड वाट देतो आणि जिना दणाणतो.

म्हणून हूटरच्या लाल-काळ्या वायरींची अदलाबदल चालत नाही. पोराने दुसऱ्या मजल्यावर ती केली. चाचणीत बाकीचे सहा मजले ओरडले, दुसरा शांत. काका काही बोलले नाहीत, स्क्रू ड्रायव्हर तेवढा पुढे केला.

पॅनेलच्या तळाशी बॅटरीच्या दोन विटा. बारा-बारा व्होल्टच्या, एकापुढे एक जोडून चोवीस. एक फुगलेली. दोन्ही बदलल्या, नव्यांवर मार्करने तारीख लिहिली. एवढंच.

शेजारच्या नव्या टॉवरमध्ये यापुढची पद्धत आहे, ॲड्रेसेबल. तिथे प्रत्येक डिटेक्टरला स्वतःचा नंबर असतो, पॅनेल एकेकाची हजेरी घेतं, आणि वायर फिरून पॅनेलमध्येच परत येते. एका ठिकाणी तुटली तर फॉल्ट लागतोच, पण पॅनेल दोन्ही बाजूंनी सगळ्यांपर्यंत पोचतं. आमच्याकडे रीडेव्हलपमेंटच्या वेळी बजेट संपलं होतं. तक्रार नाही. हेही नीट जोडलं तर चालतं.

[संध्याकाळ. पाचवा मजला. पोरगा शिडीवर, नवव्या डिटेक्टरपाशी.]

नवा रेझिस्टर नवव्याच्या बेसमध्ये बसला. पॅनेलमधला जुना माझ्या पर्समध्ये आहे. काकांनी पोराला सांगितलं, "आता डिटेक्टर फिरवून काढ." डिटेक्टर बेसमधून सुटला की वायरीची वाट तिथे तुटते. तुटायलाच हवी.

पोराने डिटेक्टर हातात घेतला. पॅसेजमध्ये कुणी बोलेना. खालून वॉचमनमामांचा फोन आला, आवाज इतका मोठा की स्पीकरची गरज नव्हती.

"ताई, पाच नंबरला पिवळा लागला! काय करू, बंद करू का?"

"नको, मामा. नको."

काका हसले. पोराला म्हणाले, "बसव परत."