गोव्याच्या हवेत ओव्हरक्लॉकिंग

दृश्य: कॅबिनेटच्या पुढच्या जाळीचा क्लोजअप

ही जाळी बघा. कॅमेरा मुद्दाम थांबवलाय इथे. फुंकर मारली की उडेल अशी ही धूळ नाहीये, पावसाळ्यात दमट हवेने ती ओली होते, ऑक्टोबरात वाळते, परत ओली होते, आणि हळूहळू असा राखाडी थर धरतो की नखाने खरवडावा लागतो. पीसी डिचोलीतल्या एका कॉलेजच्या मुलाचा आहे. किनाऱ्याकडे घर असतं तर यात खारी हवाही आली असती, तिकडे मागच्या स्क्रूंना गंज धरलेला दिसतो.

त्याला हा पीसी ओव्हरक्लॉक करायचाय, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवायचाय, पहिल्यांदाच. आम्ही कॅमेरा घेऊन पोचलो तेव्हा वहीत आकडे लिहून तयार होता, कुठल्यातरी व्हिडिओतून उतरवलेले. आता ज्याने ते आकडे दिले त्याच्या खोलीत एसी, तापमान 20 डिग्री, आणि इथे भिंतीवरचं थर्मामीटर 31 दाखवतंय, तेही पंखा फुल्ल असताना. हवेने गार होणारी वस्तू हवेपेक्षा गार होत नाही, कूलर कितीही भारी घ्या. खोली 11 डिग्रीने गरम असेल तर प्रोसेसरही साधारण तेवढाच जास्त तापणार. म्हणून वहीतले ते आकडे आम्ही बाजूला ठेवायला सांगितले, आपल्या खोलीचे आकडे आपणच काढायचे, आणि पुढे जे दाखवतोय ते सगळं त्यासाठीच आहे.

दृश्य: म्हापसा, दुकानाचा काउंटर

म्हापशात एका जुन्या कॉम्प्युटरच्या दुकानात काउंटरच्या काचेखाली मालकांनी हा प्रोसेसर जपून ठेवलाय. इंटेल सेलेरॉन 300ए, सन 1998. आजचे प्रोसेसर चपटे चौकोनी असतात, हा कार्डासारखा उभा स्लॉटमध्ये बसायचा. वेग 300 मेगाहर्ट्झ, स्वस्तातला माल, पण मदरबोर्डवर बसचा, म्हणजे प्रोसेसरला बाकी पीसीशी जोडणाऱ्या वाटेचा, वेग 66 वरून 100 केला की हाच 450 ला पळायचा, कारण मल्टिप्लायर, म्हणजे बसच्या वेगाला गुणायचा आकडा, साडेचारला पक्का केलेला, साडेचार गुणिले 66 म्हणजे 300 आणि साडेचार गुणिले 100 म्हणजे 450. वर त्याची 128 केबी कॅश, म्हणजे आतली छोटी झटपट मेमरी, प्रोसेसरच्याच वेगाने चालायची, त्यामुळे गेममध्ये तेव्हाच्या कितीतरी महाग पेंटियम-टूच्या बरोबरीने उभा राहायचा. जगभरच्या पोरांना ओव्हरक्लॉकिंगचा नाद लागला त्यात या चिपचा मोठा हात आहे, आणि इतका जुना तुकडा आपल्या म्हापशात कोणीतरी सांभाळून ठेवलाय याचं आम्हाला मनापासून कौतुक वाटलं.

गणित आजही तेच आहे, बस गुणिले मल्टिप्लायर, फक्त आता बस 100 वर ठेवतात आणि तिला कोणी हात लावत नाही. आणि तेव्हासारखे 50 टक्के आता मिळत नाहीत, कंपन्याच बूस्टच्या, म्हणजे गरजेला आपोआप वेग वाढवण्याच्या, नावाने बहुतेक सगळं आधीच काढून देतात, आपल्या वाट्याला राहतात थोडे टक्के. तेवढ्यासाठी करायचं का, तर हो, कारण हे करताना आपला पीसी आतून कळतो.

मुलगा काउंटरवर विचारतो, "काका, व्होल्टेज किती देऊ?" काका सेलेरॉन परत काचेखाली ठेवतात आणि म्हणतात, "व्होल्टेजचं मागाहून बघू रे बाबा, आधी घरी जा आणि जाळी धू."

काकांचं बरोबर आहे. वेग वाढवला तर वीज त्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेज वाढवलं तर वर्गाच्या प्रमाणात. 10 टक्के व्होल्टेज जास्त म्हणजे त्याच वेगाला 21 टक्के जास्त वीज, आणि ती सगळी उष्णता होऊन याच खोलीत येणार. नवशिक्याने व्होल्टेज हाताने वाढवायचंच नाही असं आमचं ठाम मत आहे.

दृश्य: जाळी नळाखाली, मग कूलर काढताना

जाळी धुतली, उन्हात पूर्ण वाळवली, मग बसवली. आता कूलर. एएमडी कंपनीच्या एएम4 सॉकेटमध्ये, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या खोबणीत, पिना प्रोसेसरला असतात, सॉकेटला नाही, आणि प्रोसेसर-कूलरच्या मधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट सुकून घट्ट झाली असेल तर कूलर सरळ वर ओढल्यावर प्रोसेसर त्याला चिकटून उपटून येतो, पिना वाकतात. म्हणून आधी पीसीवर थोडा वेळ गेम चालवून प्रोसेसर गरम करायचा, मग बंद करून, प्लग काढून, चारही स्क्रू थोडे थोडे आळीपाळीने सैल करायचे आणि कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवत सोडवायचा. बघा, मुलाचा हात किती सावकाश फिरतोय. खाली पेस्ट खडूसारखी कोरडी पडलेली, बोट लावलं तर भुगा होतोय. आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही बाजू पुसल्या, मधोमध वाटाण्याएवढी नवी पेस्ट, कूलर परत, स्क्रू तिरप्या क्रमाने.

प्रोसेसर रायझन 5 5600एक्स, 6 कोर, बेस 3.7, बूस्ट 4.6 गिगाहर्ट्झ, आणि कूलर बॉक्समधून आलेला तोच. सफाईच्या आधी सिनेबेंच आर23 ची, म्हणजे प्रोसेसरला पूर्ण राबवून स्कोअर देणाऱ्या सॉफ्टवेअरची, 10 मिनिटांची टेस्ट लावली होती, तेव्हा तापमान दाखवणाऱ्या एचडब्ल्यूइन्फोमध्ये 89 डिग्री दिसत होते, सफाईनंतर तीच टेस्ट, तीच खोली, 81. या चिपची कमाल मर्यादा 95 ची आहे. अजून बायॉसला, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगच्या स्क्रीनला, हातही लावलेला नाही हे लक्षात घ्या. हे आकडे त्याने वहीत लिहिले, खोलीच्या तापमानासकट, कारण ते लिहिलं नाही तर डिसेंबरात घेतलेला आकडा आणि मे महिन्यातला आकडा यांची तुलनाच होत नाही.

दृश्य: बायॉसचा स्क्रीन

आता बायॉस. पहिली गोष्ट रॅम. 3200 ची घेतलेली, चालतेय 2400 वर, कारण रॅमचं प्रोफाइल, म्हणजे तिच्या पूर्ण वेगाची तयार सेटिंग, कोणी चालूच केलं नव्हतं. पीसी घेतल्यापासून हे असंच. एक्सएमपी म्हणा, काही मदरबोर्डवर डीओसीपी लिहिलेलं असतं, ते ऑन करायचं आणि सेव्ह. बऱ्याच जणांना सगळ्यात जास्त फरक इथेच मिळतो, ओव्हरक्लॉकिंगचा बाकीचा भाग नाही केला तरी हे प्रत्येकाने तपासाच.

मग प्रोसेसर. जुन्या पद्धतीने सगळ्या कोरना एकच वेग बांधून दिला तर एका कोरवर मिळणारा 4.6 चा बूस्ट जातो आणि गेमला तोच हवा असतो, म्हणून रायझनवर आम्ही पीबीओ या एएमडीच्या ओव्हरक्लॉकिंगच्या सोयीतला कर्व्ह ऑप्टिमायझर वापरतो. त्यात सगळ्या कोरना निगेटिव्ह 10. याचा अर्थ चिपला सांगायचं की त्याच वेगाला थोडं कमी व्होल्टेज घे, आणि वाचलेल्या विजेत ती आपणहून थोडी वर पळते. विजेची मर्यादा आम्ही 76 वॉटचीच ठेवली, या कूलरला आणि या खोलीला तेवढीच झेपते. टेस्ट परत लावली, तापमान जवळपास तेवढंच आणि स्कोअर वर.

निगेटिव्ह 10 जमलं, मग निगेटिव्ह 15. इथे बहुतेकांची गडबड होते ती अशी की सिनेबेंच तासभर चाललं म्हणजे झालं असं वाटतं, पण कर्व्ह ऑप्टिमायझर फसतो तो लोड नसताना, ब्राउझर उघडा ठेवून चहाला गेलात आणि आलात तर पीसी रीस्टार्ट झालेला. तसं झालं तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईएची, म्हणजे हार्डवेअरच्या बिघाडाची, एरर बघायची, त्यात कुठला कोर ते कळतं, बहुतेक वेळा तो सगळ्यात चांगला कोरच असतो कारण त्याला आधीच कमी व्होल्टेज मिळत असतं. त्या कोरला निगेटिव्ह 5 वर आणायचं, बाकीचे राहू द्यायचे. कोरसायकलर नावाचं फुकट टूल एकेक कोर तपासतं, ते रात्रभर लावायचं.

बायॉस अपडेट करताना मात्र लाईट जाता कामा नये. जूनमध्ये आभाळ भरून आलेलं असताना हे काम काढू नका, किंवा यूपीएस लावा, पण 600 व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण 360 वॉट, त्यावर अपडेट होईल, फुल्ल लोडची टेस्ट नको.

आणि पीसी चालूच झाला नाही तर? हा शॉट त्यासाठीच घेतलाय. प्लग काढायचा, मदरबोर्डवरचा हा नाण्यासारखा सीआर2032 सेल काढायचा, थोडा वेळ थांबायचं, परत बसवायचा. सेटिंग मूळ पदावर. काही बोर्डवर ग्राफिक्स कार्ड आडवं येतं, ते आधी काढावं लागतं.

इंटेलवाल्यांसाठी इतकंच, नावात के असलेला प्रोसेसर आणि मदरबोर्डवर झेड मालिकेतला चिपसेट असेल तरच मल्टिप्लायर उघडा असतो. आणि 13व्या, 14व्या पिढीचे डेस्कटॉप चिप असतील तर ओव्हरक्लॉकच्या आधी बायॉस नवा करा, जास्त व्होल्टेजमुळे त्या चिप खराब होत होत्या आणि इंटेलने 2024 च्या ऑगस्टपासून त्यावर मायक्रोकोड, म्हणजे बायॉसमधून चिपला मिळणारी दुरुस्ती, दिलाय.

दृश्य: स्क्रीनवर ठिपके आणि चौकोन

हा या शूटमधला आमचा आवडता शॉट. आकाशात हिरवे ठिपके, मग भिंतींवर चौकोन, मग स्क्रीन काळा, आणि थोड्या सेकंदांनी डेस्कटॉप परत. मुद्दाम केलंय, ग्राफिक्स कार्डाची हद्द कशी दिसते ते कळावं म्हणून. ड्रायव्हर बंद पडून परत उठतो, कार्डाला काही होत नाही.

कार्ड आरटीएक्स 3060, 12 जीबी, 170 वॉटचं. सॉफ्टवेअर एमएसआय आफ्टरबर्नर, ते अधिकृत साइटवरूनच घ्या, त्याच्या नावाने खोट्या साइट काढून व्हायरस वाटलेले आहेत. कोर क्लॉक, म्हणजे कार्डाच्या चिपचा वेग, 25 मेगाहर्ट्झने वाढवायचा, सुपरपोझिशन हा ग्राफिक्सची टेस्ट घेणारा बेंचमार्क चालवायचा, परत 25. ठिपके दिसले की दोन पायऱ्या खाली यायचं. कोर ठरला की मेमरी, 100-100 च्या पायरीने, पण मेमरीत ठिपके येण्याआधीच एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, वाढायचे थांबतात, मग कमी व्हायला लागतात, म्हणून दर पायरीला स्कोअर लिहायचाच, जिथे तो घसरला त्याच्या बऱ्यापैकी आधी थांबायचं. आणि स्टार्टअपला आपोआप लागू होण्याचं बटण लगेच दाबायचं नाही, ते बंद असेपर्यंत पीसी अडकला तरी रीस्टार्ट केला की सगळं मूळ.

पण आमच्या मते गोव्यात या कार्डाला वेगापेक्षा अंडरव्होल्ट, म्हणजे कमी व्होल्टेजवर चालवणं, जास्त मानवतो. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल-एफ दाबलं की किती व्होल्टेजला किती क्लॉक ते दाखवणारी ही रेष उघडते, 900 मिलिव्होल्टचा बिंदू पकडून 1,850 मेगाहर्ट्झवर नेला, पुढची सगळी रेष सपाट केली, लागू केलं. तापमान वाढत गेलं की एनव्हिडियाचं कार्ड आपणहून क्लॉक कमी करतं, त्यामुळे गार राहिलेलं कार्ड टिकून पळतं, आणि इथे पंख्याचा आवाजही बघा कसा उतरलाय. हा आवाज आम्ही एडिटिंगमध्ये वाढवलेला-कमी केलेला नाही.

एसीबद्दल एक. पावसात एसीने खोली 20 वर आणली, पीसी बंद केला आणि लगेच खिडकी उघडली तर बाहेरची दमट हवा गार धातूवर पाणी सोडते, चष्म्यावर येतं तसंच. थोडा वेळ जाऊ द्या आणि मगच चालू करा. बर्फ, पेल्टियर म्हणजे विजेवर गार होणारी पट्टी, असले प्रकार आपल्या हवेत नकोतच. लॅपटॉपवरही हे करू नका.

वॉरंटी ओव्हरक्लॉकिंगने झालेलं नुकसान भरून देत नाही, चिपचं आयुष्य कमी होऊ शकतं, आणि रॅम अस्थिर असेल तर फाइल खराब होतात, तेव्हा कामाच्या फाइलचा बॅकअप आधी.

आफ्टरबर्नरमध्ये प्रोफाइलच्या पाच जागा आहेत. या मुलाने 1 वर मूळ सेटिंग ठेवलंय, 2 वर अंडरव्होल्ट, 3 वर वाढवलेला क्लॉक. एप्रिल-मे ला 2, थंडीत 3, आणि नवीन ड्रायव्हर टाकल्यावर काही बिघडलं तर आधी 1 वर येऊन बघायचं.