पखवाज कुठे गेला?

(चित्रीकरण शिकू पाहणाऱ्यांच्या शिबिरातलं व्याख्यान, किंचित संपादित)

नमस्कार मंडळी. फळ्यावर विषय लिहिलाय, 'कार्यक्रमाचं चित्रीकरण : नवशिक्याला काय काय लागतं'. त्यावर येतोच. आधी हात वर करून सांगा, कॅमेरा कुणी कुणी घेतलाय किंवा घ्यायचं ठरवलंय? बरं, जवळजवळ सगळ्यांनीच. आता आवाजासाठी वेगळा माइक किंवा रेकॉर्डर किती जणांकडे आहे? दोन. मागे एक हात अर्धा वर आलाय, तोही धरू. हेच मला खुपतं, आणि म्हणूनच बोलावल्यावर लगेच हो म्हणालो.

माझं म्हणणं एवढंच की नवशिक्याचा पहिला पैसा आवाजावर जायला हवा. चित्र खिशातला मोबाइलही देतो. मंडपात आवाज मात्र तो देत नाही.

हे मला कसं कळलं, ते सांगतो. आमच्या गावात दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताह बसतो. तुमच्यातल्या निम्म्यांनी तरी सप्त्यात पंगती वाढल्या असतील, त्यामुळे चित्र डोळ्यांपुढे आहेच. मधे महाराज, मागे विणेकरी, दोन्ही अंगांना टाळकरी आणि पखवाजावर माझे काका. चाळीसेक वर्षं त्यांनी गावच्या कीर्तनाला साथ केली. त्या वर्षी हात थरथरायला लागले होते. म्हणाले, यंदाचं काल्याचं कीर्तन वाजवतो आणि पखवाज खाली ठेवतो. मी नुकताच नवा कॅमेरा घेतला होता. म्हटलं, हे आपण टिपायचंच.

पखवाज जवळून कुणी पाहिलाय? डाव्या तोंडाला ओली कणीक थापतात, त्याशिवाय तो घुमत नाही. काका ताटलीत कणकेचा गोळा घेऊन बसायचे. चिमूटभर लावायची, थाप मारायची, कान जवळ न्यायचा, नखाने थोडी काढायची, पुन्हा थाप. दहा-दहा मिनिटं हेच. आम्ही पोरं उरलेल्या कणकेच्या चिमण्या करायचो. काकांचा सगळा खर्ज त्या कणकेवर उभा असायचा. त्या दिवशी हे सगळं मी अगदी जवळून टिपलं. मग कीर्तनात कुणाला अडचण नको म्हणून स्टँड उचलून मंडपाच्या शेवटी, साठेक फुटांवर लावला.

रात्री फाइल उघडली. चित्र सुरेख. महाराजांच्या उपरण्याची किनारसुद्धा दिसत होती. गजर सुरू झाला आणि पखवाज गायब. काकांचे हात उठताहेत, पडताहेत आणि ऐकू येतोय तो नुसता टाळांचा खणखणाट, पंख्यांची घरघर, माझ्याशेजारचं रडणारं पोर. झालं होतं असं, की आवाजाची पातळी कॅमेरा आपोआप ठरवत होता. टाळ वाजले की तो पातळी खाली ओढायचा, त्यात पखवाजही खाली जायचा. महाराज हळू बोलू लागले की पातळी वर आणि पंखे मोठे. कॅमेऱ्यातला बारका माइक खालचे सूर मुळातच कमी पकडतो. शिवाय अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज ६ डेसिबलने उतरतो, मंडपाच्या पत्र्यावर आपटून येणारा मात्र तेवढाच राहतो. साठ फुटांवर माझ्या वाट्याला पत्राच आला.

पुढच्या आषाढीच्या आधी काका गेले. काकूंनी तो व्हिडिओ मागितला, मी लावून दिला. बराच वेळ त्या पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "अरे, वाजतंय कुठे?"

दुसऱ्या वर्षी मी शहाणा होऊन साउंडवाल्याच्या मिक्सरमधून वायर घेतली. ती लाइन लेव्हलची, म्हणजे माइकपेक्षा कितीतरी जोरकस सिग्नलची, मी खोचली माइकच्या भोकात. दोन तास फाटका आवाज. आपली पोरं सर्रास म्हणतात की साउंडवाले सहकार्य करत नाहीत. मला हे बोलणं आवडत नाही. तो माणूस दुपारपासून कर्णे बांधतोय आणि आपण ऐन नमनाला वायर घेऊन उभे राहतो. दोन तास आधी जा, चहा प्या त्याच्याबरोबर, ऑक्स आउट, म्हणजे मिक्सरमधून आवाज बाहेर घ्यायचं जादा भोक, मोकळा आहे का विचारा. देतात हो! पण मिक्सरमधून तेवढंच येतं, जेवढ्याला त्याने माइक लावलाय. पखवाज मंडपात आपसूक ऐकू येतो म्हणून पुष्कळदा साउंडवाला त्याचा माइक बारीक ठेवतो. म्हणून आपला स्वतःचा रेकॉर्डर पुढे हवाच.

आयोजकांची चिठ्ठी आली, सात मिनिटं राहिलीत. तर यादी सांगतो, भराभर लिहून घ्या.

पहिला, हातात मावणारा रेकॉर्डर. ३२ बिट फ्लोट पद्धतीने आवाज नोंदवणारा मिळाला तर उत्तम, त्यात पातळी चुकली तरी पुष्कळ सावरता येतं. साधा असेल तर आपोआप पातळी बंद करा आणि गजरातला सर्वांत मोठा आवाज रेकॉर्डरच्या पट्टीवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं बघा. त्याला छोटा स्टँड, वाऱ्यासाठी स्पंजची टोपी. दुसरा, कान पूर्ण झाकणारा वायरचा हेडफोन. तो कानावर नसेल तर फाटका आवाज घरी गेल्यावरच कळतो.

मग ट्रायपॉड. हलका घेऊ नका, शेजारून पोरं धावतात. मग चार्जर, पॉवर बँक, दहा मीटरचा एक्स्टेंशन बोर्ड आणि वायर जमिनीला चिकटवायला कापडी टेप. म्हाताऱ्या माणसाचा पाय अडकला तर तुमचं चित्रीकरण गावात कायमचं बंद.

कार्डाचं गणित करून जा. मोबाइलवर १०८० पीमध्ये तासाला साधारण ४ ते ८ जीबी लागतात. कॅमेऱ्यावर सेकंदाला १०० मेगाबिटने घेतलंत तर तासाला ४५ जीबी, म्हणजे ६४ जीबीचं कार्ड दोन तासांच्या कीर्तनाला पुरत नाही. जुने बरेच फोटो कॅमेरे २९ मिनिटं ५९ सेकंदांनी आपोआप थांबतात, तेव्हा घेण्याआधी तपासा. मोबाइल असेल तर विमान मोड, नाहीतर ऐन अभंगात फोन येतो आणि चित्रीकरण तुटतं.

दिवे घेऊ नका, मंडपात असतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवा, लुकलुक बरीच कमी होते.

आवाज वेगळा घेतला की जुळवायचा कसा? चित्रात टाळाचा पहिला ठोका बघा, तिथे रेकॉर्डरमधला तोच ठोका जुळवा. कॅमेऱ्याचा आवाज मात्र नंतर बंद करा. वीस मीटरवरच्या कॅमेऱ्यापर्यंत आवाज जवळपास दीड फ्रेम उशिरा पोचतो, दोन्ही ठेवलेत तर दुहेरी ऐकू येईल. दोन तासांत दोन यंत्रांची घड्याळं थोडी सरकतात, म्हणून अभंगागणिक पुन्हा जुळवून घ्या.

वेळ संपली. माझी पिशवी पहिल्या रांगेत देतोय, त्यात रेकॉर्डर आणि हेडफोन आहे. एकेकाने लावा, डोळे मिटा आणि तो उजवीकडचा पंखा किती मोठा ऐकू येतो ते बघा. आत्ता तुमच्यापैकी कुणाला तो ऐकू येत होता का?