कारखान्यातली रायफल ट्रू करून घ्यावी का?

[दृश्य: लेथ. फोर जॉ चकमध्ये धरलेलं पोलादाचं नळकांडं, त्याला टेकलेला डायल गेज. काटा हळूहळू मागेपुढे होतोय.]

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर उभ्या असलेल्या टर्नरला ‘ट्रू’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. जॉब चकात धरायचा, डायल लावायचा, चक हातानं फिरवायचा. काटा जिकडे पळेल तिकडचा जबडा थोडा आवळायचा, समोरचा सैल करायचा. काटा जागचा हलेनासा झाला, की जॉब ट्रू झाला.

या चकात धरलेला जॉब मात्र रायफलचा रिसीव्हर आहे, म्हणजे नळी आणि बोल्ट ज्यात बसतात ते मधलं पोलादी अंग. आणि गोष्ट अमेरिकेतली आहे. तिथे कारखान्यातून आलेली बोल्ट-ॲक्शन (हातानं बोल्ट मागेपुढे करून भरायची) रायफल गनस्मिथकडे देऊन ट्रू करून घेण्याची जुनी रीत आहे. गनस्मिथ म्हणजे बंदुकीचं काम करणारा परवानाधारक कारागीर. तो नळी उतरवतो, रिसीव्हर मोकळा करतो आणि जे जे पृष्ठभाग एका अक्षाला काटकोनात असायला हवेत, ते लेथवर पुन्हा कापून तसे करून देतो. काही जण याला ‘ब्लूप्रिंटिंग’ म्हणतात: कागदावरच्या ड्रॉइंगमध्ये जसं होतं, तसं प्रत्यक्षात आणणं. बिल काही शे डॉलरचं होतं. चांगल्या कारागिराकडे नंबर लागायला महिने जातात.

एवढे पैसे घालावेत का? बंदुकीची हौस असलेली माणसं यावर तासन् तास बोलतात. आपण मात्र आधी पोलादाकडे बघू.

[दृश्य: टेबलावर सुटी केलेली रेमिंग्टन ७००. रिसीव्हर, बोल्ट, नळी आणि एक जाड, वॉशरसारखी पट्टी.]

ही रेमिंग्टन ७००. १९६२ साली बाजारात आली. तिची रचना माइक वॉकर यांची, आणि वॉकर स्वतः बेंचरेस्टचे नेमबाज होते. बेंचरेस्टमध्ये रायफल टेबलावर टेकवून शंभर यार्डांवर पाच गोळ्या एकाच भोकात घालण्याची धडपड असते. नेमकेपणाचं वेड असलेल्या माणसानं ही रायफल आखली, तरी तिची मांडणी स्वस्तात आणि भराभर बनेल अशीच आहे. रिसीव्हर गोल. गोल पट्टीतून कापायचा, आरपार भोक पाडायचं. झटका अडवणारा रिकॉइल लग रिसीव्हरच्या अंगातून कोरून काढण्याऐवजी सुट्या पट्टीचा केला, आणि ती नळी व रिसीव्हर यांच्यामध्ये चिमटीत धरली. १९३६ च्या विंचेस्टर ७० चा रिसीव्हर खालून सपाट आहे, त्याचा रिकॉइल लग अंगचाच आहे. तो चकात धरणं त्रासाचं. रेमिंग्टनचा गोल रिसीव्हर चटकन धरता येतो. जी रचना कारखान्याला परवडली, तीच पुढे गनस्मिथच्याही हाताला आली. अमेरिकी मरीन सैनिकांनी १९६६ मध्ये घेतलेली एम ४० आणि लष्करानं १९८८ मध्ये घेतलेली एम २४, या दोन्ही स्नायपर रायफली याच रिसीव्हरवर उभ्या आहेत.

मग तिच्यात वाकडं काय असतं?

[दृश्य: बोल्टच्या टोकाचा क्लोज-अप. दोन लगांवर निळा रंग लावला जातोय.]

बोल्टच्या पुढच्या टोकाला दोन जाड कान असतात. त्यांना लग म्हणतात. बोल्ट आत ढकलून मूठ खाली फिरवली, की हे लग रिसीव्हरमधल्या खाचांमागे अडकतात. .३०८ विंचेस्टर काडतूस उडतं तेव्हा आतला दाब ६२,००० पीएसआयपर्यंत (चौरस इंचाला पौंड) जाऊ शकतो, आणि बोल्टवर काही टनांचा धक्का मागे येतो. तो सगळा या दोन कानांनी झेलायचा असतो.

आता हा निळा रंग बघा. लगांना रंग फासला, बोल्ट बंद-उघड केला. खालच्या लगावरचा रंग घासून गेलाय, वरचा जवळजवळ तसाच आहे. म्हणजे दोनांपैकी एकच कान टेकतोय. गोळी सुटताना रिसीव्हर एका बाजूला अधिक ताणला जाणार आणि नळी दर वेळी किंचित झटका खाणार. झटका दर वेळी अगदी सारखा असता तर काही बिघडलं नसतं. तो सारखा नसतो, दुखणं तिथं आहे.

एवढ्यानं भागत नाही. घोड्याची यंत्रणा चढवलेली असते तेव्हा खालचा सिअर, म्हणजे ती अडवून धरणारा तुकडा, बोल्टची शेपटी वर रेटतो. बोल्ट आणि त्याची वाट यांच्यात काही थाउंची फट असते. शेपटी वर गेली, की तोंड खाली झुकतं आणि वरचा लग आपल्या जागेवरून सुटतो. लग कितीही घासून बसवले तरी ही फट तशीच राहिली, तर चढवलेल्या रायफलीत वरचा लग पुन्हा हवेतच. म्हणून जाणता कारागीर बोल्टवर बाही चढवून ती फट भरतो. नुसती पेस्ट लावून लग घासून देणाऱ्याला मी ट्रू करणारा म्हणणार नाही.

थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५ मिलिमीटर. डोक्यावरचा केस साधारण तीन थाउ जाड भरतो. आपण बोलतोय ते एवढ्या मापांबद्दल.

[दृश्य: रिसीव्हरच्या तोंडावरून लेथचं टूल हलकेच सरकतं. अर्ध्याच कडेवर चकाकी येते.]

रिसीव्हरचं तोंड. पहिल्या कापात टूल फक्त अर्ध्या कडेला लागलं, अर्धी कड काळीच राहिली. म्हणजे तोंड तिरकं होतं. नळी याच तोंडावर येऊन टेकते. आतले आटे वेगळ्या अक्षावर, बोल्टचं तोंड तिसऱ्याच. बऱ्याचदा हा कुणाचा निष्काळजीपणा नसतो. रिसीव्हर आधी घडवला आणि नंतर भट्टीत तापवून कठीण केला, की पोलाद किंचित वळतं. हजारो नग काढणारा कारखाना तेवढी सूट धरूनच चालतो. त्या सुटीत बसणारा रिसीव्हर सुरक्षित असतो, शिकारीला पुरतो. फक्त ट्रू नसतो.

आता आट्यांकडे या. निर्णय इथेच होतो.

रेमिंग्टन ७०० चे आटे १ १/१६ इंच व्यासाचे आणि इंचाला १६. ते बोल्टच्या अक्षावर आणायचे तर आतून पुन्हा कापावे लागतात, आणि कापले की ते मोठे होतात. नऊ-दहा थाउंनी मोठे झाले, की कारखान्याची नळी त्यांत सैल पडते. जुनी नळी परत नीट बसत नाही. मोठ्या आट्यांसाठी नवी नळीच कापून घ्यावी लागते.

‘माझी आहे तीच रायफल ट्रू करून द्या,’ असं म्हणणाऱ्याला हे सहसा आधी ठाऊक नसतं. पूर्ण ट्रू करणं म्हणजे नवी नळी आलीच. आटे न छेडता नुसतं तोंड आणि लग करून जुनी नळी परत लावता येते, पण मग अर्धं काम झालं. आणि कारखान्याची नळी सुमार असेल, तर पुढचं सगळं सरळ करून हाती फारसं लागत नाही. नेमकेपणात सर्वांत मोठा वाटा नळीचा आणि तिच्या चेंबरचा, म्हणजे काडतूस बसतं त्या मागच्या पोकळीचा. ट्रू केलेला रिसीव्हर चांगल्या नळीला उभं राहायला सरळ जागा देतो. वाईट नळीला तो चांगली करत नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे. नळी झिजली आहे, बदलायचीच आहे, रिसीव्हर नाहीतरी चकात चढणार आहे, तर ट्रू करून घ्या. त्या वेळी वरचा खर्च थोडाच असतो. चांगली चाललेली नळी उतरवून केवळ ट्रू करायला रायफल धाडू नका.

[दृश्य: मोकळं मैदान, शंभर यार्डांवर कागद. दुर्बिणीतून दिसणारी पाच छिद्रं.]

त्याआधी एक काम रायफलच्या मालकानं स्वतः करायचं आहे: तिची खरी गत काय आहे ते बघणं. बहुतेक जण तीन गोळ्या मारतात. गट म्हणजे सर्वांत दूरच्या दोन छिद्रांमधलं अंतर. तिन्ही जवळ पडल्या की रायफल अर्ध्या इंचाची, लांब पडल्या की ती वाकडी. तीन गोळ्यांवरून काही कळत नाही. तीच रायफल, तीच काडतुसं, तोच माणूस असला तरी तीन-तीनचे गट एकमेकांच्या दुप्पटही येतात, नुसत्या योगायोगानं. पाच-पाच गोळ्यांचे निदान पाच गट मारा आणि सरासरी काढा. चांगली काडतुसं वापरा. .३०८ साठी १६८ ग्रेन वजनाच्या मॅच (स्पर्धेच्या) गोळीचं काडतूस बरेच जण मोजपट्टी म्हणून घेतात. आधी नळीतलं तांबं नीट साफ करा. दुर्बिणीचे स्क्रू बघा. दस्ता नळीला कुठे टेकतोय का ते बघा. दस्त्यात रिसीव्हरखाली इपॉक्सीचा बिछाना घालायला ट्रू करण्याच्या मानानं फार थोडा खर्च येतो, आणि सैल बसलेली रायफल तेवढ्यानंच सुधारलेली पुष्कळांनी पाहिली आहे.

समजा, एवढं करूनही शंभर यार्डांवर दीड इंचाचा गट येतोय. हरणाच्या शिकारीसाठी? तीनशे यार्डांवर तो साडेचार इंच होतो. हरणाच्या काळीज-फुफ्फुसाची जागा साधारण आठ इंचांची धरतात. ती रायफल तिच्या कामाला पुरेशी आहे. राहिलेले पैसे काडतुसांवर घाला आणि खांद्यावरून, गुडघ्यावर बसून, वाऱ्यात मारायची सवय करा. बेंचरेस्टचं तसं नाही. तिथे शंभर यार्डांवर सगळ्या गटांची सरासरी पाव इंचाच्या आत नसेल, तर जिंकायचं नाव काढू नये. तिथे प्रत्येक थाउ मोजला जातो.

आपल्याकडचा नेमबाजही हे जाणतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवलं. त्या प्रकारात दहा गुणांचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. तिथल्या .२२ च्या रायफली मुळातच स्पर्धेसाठी बनतात, त्या कुणी ट्रू करायला पाठवत नाही. तिथे नळी आणि काडतुसांचा लॉट यांची जोडी जुळवतात: एकाच नळीतून निरनिराळे लॉट मारायचे, सर्वांत घट्ट गट देईल तो उचलायचा.

[दृश्य: कपाटात शेजारी शेजारी ठेवलेल्या रायफली. सॅव्हेज, एक जुनी मॉझर, एक चकचकीत कस्टम ॲक्शन.]

सगळ्या रायफलींचा रोगही एक नाही. १९५८ च्या सॅव्हेज ११० च्या बोल्टचं डोकं सुटं असतं, थोडं डुलतं, त्यामुळे दोन्ही लग आपसूक टेकायला बघतात. नळी नटानं आवळलेली असते, ती घरच्या घरीही बदलता येते. तिला एवढ्या उपचाराची गरज कमी.

जुन्या मॉझर ९८ बाबत मात्र सावध. तिचं पोलाद आतून मऊ आणि वरून पातळ थरापुरतंच कठीण केलेलं असतं. लगांच्या खाचा सरळ करायला गेलात आणि तो थर कापला गेला, तर खालचं मऊ पोलाद दर गोळीबरोबर दबत जातं, हेडस्पेस, म्हणजे मिटलेल्या बोल्टच्या तोंडापासून चेंबरमध्ये काडतूस अडतं तिथपर्यंतचं अंतर, वाढत जातो. हे हौशी माणसानं करून बघायचं काम नाही.

आणखी एक बदल गेल्या काही वर्षांतला. आता कठीण केलेल्या पोलादातून काटेकोर कापलेल्या कस्टम ॲक्शन, म्हणजे रिसीव्हर आणि बोल्टच्या जोड्या, हजार डॉलरच्या आतबाहेर मिळतात. त्या मुळातच ट्रू असतात. शिवाय प्रत्येक नगाचं माप सारखं, म्हणून तयार चेंबरची नळी मागवायची आणि घरी आवळायची. ट्रू केलेल्या प्रत्येक रेमिंग्टनचं माप मात्र वेगळं होतं, तिची नळी त्याच रिसीव्हरवर मोजून बनवावी लागते. ट्रू करण्याचं बिल, बोल्टची बाही, जाड नवा रिकॉइल लग आणि मागे झाळलेली बोल्टची मूठ पुढे घेऊन पुन्हा झाळणं, म्हणजे रिकामी पुंगळी नीट सुटेल. या सगळ्याची बेरीज कस्टम ॲक्शनच्या जवळ पोचते. नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं ही बेरीज कागदावर मांडल्याशिवाय पाऊल टाकू नये.

तरीही लोक रेमिंग्टन घेऊन येतात. न्यूयॉर्क राज्यातल्या इलियनचा तिचा जुना कारखाना मार्च २०२४ मध्ये बंद झाला. या रायफली घराघरांत आहेत: वडिलांची, आजोबांची, पहिल्या शिकारीची. अमेरिकी कायद्यानं अनुक्रमांक असलेला रिसीव्हर म्हणजेच बंदूक. नळी गेली, दस्ता गेला, तरी रिसीव्हर आहे तोवर ती तीच रायफल. मुलगी वडिलांची रायफल घेऊन येते आणि नवी नळी लावून मागते, तेव्हा तिला स्वस्त-महागाचं गणित सांगायला माझी जीभ रेटत नाही. तिच्यासाठी हा खर्च रास्त आहे.

कारागीर मात्र पारखून घ्या. कोलोरॅडोतल्या ट्रिनिडाडच्या कॉलेजात १९४७ पासून हे काम रीतसर शिकवतात. पण प्रमाणपत्रापेक्षा प्रश्न विचारा. रिसीव्हर कशावर धरता? आटे टॅपनं करता की एका टूलनं कापता? बोल्टची फट कशी भरता? काम झाल्यावर मापं लिहून देता का? मनापासून काम करणाऱ्याला हे प्रश्न आवडतात.

[दृश्य: नवी नळी हातानं रिसीव्हरमध्ये फिरते. गेजांची डबी उघडते.]

नळी चढली. आता हेडस्पेस. .३०८ चा गो गेज १.६३० इंच, नो-गो १.६३४. मधे फक्त चार थाउ. गोवर बोल्ट मिटायला हवा, नो-गोवर मिटायला नको. गो गेज चेंबरमध्ये सरकवला, मूठ खाली केली. बोल्ट मिटला. गेज काढला, नो-गो ठेवला. मूठ एका बोटानं दाबली. ती अर्ध्यावर थांबली, पुढे जाईना.